इंजिनखान्यातल्या आगीचा नियम

४ मार्च

वर तुझं नाव लिहायला हात उचलला नाही. आशीर्वाद लिहायचा तर प्रश्नच नव्हता. म्हणून तशीच सुरुवात करते.

काल दुपारी, मी रजेवर घरी होते तेव्हा, तुझं पाकीट आलं. वर बाबांचं नाव, मागे तुझं अक्षर. नऊ वर्षांनी ते अक्षर बघितलं आणि मी दारात उभीच राहिले. पोस्टमन म्हणाला, "बाई, सही." ती मी केली की नाही, आठवत नाही.

बाबा गेले. तेरा फेब्रुवारीला, सकाळी, चहा पिता पिता. छातीवर हात गेला, कप खाली ठेवला, अगदी नीट ठेवला, थेंब सांडला नाही, आणि मान टाकली. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. तुला कळवायचं राहून गेलं. पत्ता नव्हता माझ्याकडे.

तर तुझं पाकीट मी उघडलं. मला वाटलं, आत माफी असेल. म्हटलं, एकोणीस दिवस उशिरा का होईना, याला सुचलं. आणि आत काय निघालं?

"खेळी ११४. मालवाहू यान 'चिवट'. पुढची ढाल शून्य, मागची दोन. मागावर लुटारूंची दोन यानं, अंतर तीन घरं. इंजिनाचा ताप नऊ. झेप घ्यायला अजून दोन खेळ्या लागतील. इंजिनखान्यात आग. आत इंजिनवाला आणि त्याचा मदतनीस. बाबा, तुमचा आगीचा नियम मिळाला. आता तो वापरायची वेळ आलीय. दार कुणी लावायचं आणि कुठल्या बाजूने, ते या वेळी तुमच्या शब्दांत लिहा. मी थांबतो."

तीनदा वाचलं. मग स्वयंपाकघरात जमिनीवर बसले.

तू माणूस आहेस का रे? फेरीबोटीच्या इंजिनखान्यात आग लागली तेव्हा बाबा मुख्य आणि तू त्यांचा मदतनीस होतास. तू बाहेर पळालास, ते आत राहिले. तेलाची झडप त्यांनी उघड्या हातांनी बंद केली म्हणून बोटीवरची माणसं वाचली. त्या हातांची बोटं पुन्हा सुटी झाली नाहीत. नऊ वर्षं मी त्यांना भरवलं, बटणं लावून दिली, जखमा पुसल्या. आणि तू त्या आगीचा खेळ करून त्यांनाच टपालाने पाठवतोस?

बस झालं. पुन्हा काही पाठवू नकोस. पाठवायला आता कुणी नाही.

*

९ मार्च

मी पुन्हा लिहितेय याचं तुझ्याइतकंच मलाही नवल वाटतंय.

राग ओसरला नव्हता, पण एक आकडा डोक्यातून जाईना. एकशे चौदा. कुणी एकशे चौदापासून खेळ सुरू करत नाही. आणि तळाशी तू बारीक अक्षरात लिहिलं होतंस, ते मी रागाच्या भरात वाचलंच नव्हतं. "घड्याळजींचं दुकान महिनाभर बंद आहे म्हणून या वेळी थेट घरी पाठवतोय. ताई शाळेत असते तेव्हाच टपाल येतं ना?"

घड्याळजी म्हणजे आपल्याच इमारतीत खाली घड्याळं दुरुस्त करणारे. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेले होते, आज परत आले. मी शाळेतून आले ती सरळ त्यांच्या दुकानात शिरले. त्यांच्या डोळ्यावर अजून हिरवी पट्टी होती.

मी म्हटलं, "माझ्या भावाची पत्रं तुमच्याकडे यायची?"

त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला. खोटं बोलायचा विचार केला असावा, पण जमलं नाही.

"गेले का ते?" त्यांनी विचारलं. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. मी हो म्हटलं.  ते उठले, भिंतीवरचं एक मोठं घड्याळ उतरवलं आणि मागचं झाकण उघडलं. त्यात यंत्र नव्हतंच. आत पाकिटं होती, गठ्ठे बांधून, आणि एक जाड वही.

"घे," म्हणाले. "एकशे तेरा खेळ्या आहेत. मी फक्त टपाल घ्यायचो आणि द्यायचो. शपथ."

डॉक्टरांनी बाबांना रोज दुपारी चालायला सांगितलं होतं. मी कौतुकाने सगळ्यांना सांगायची, बाबा एक दिवस चुकवत नाहीत. ते जेमतेम एकवीस पायऱ्या उतरत होते. मी वर्गात पोरांना जगाचा नकाशा शिकवत होते तेव्हा माझा बाप खाली घड्याळजींच्या दिव्याखाली बसून ताऱ्यांमधून यान हाकत होता. सात वर्षं. आणि संध्याकाळी मी विचारायची, "आज कुठवर गेलात?" तर म्हणायचे, "लांब गेलो होतो गं."

मला काय वाटलं ते सांगता येत नाही. तोंडात मारल्यासारखं झालं, एवढंच.

वही रात्रीच्या स्वयंपाकाआधीच वाचायला घेतली. नकाशे वाचणं हा माझा धंदाच, त्यामुळे मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या घरांचा तो तारे-नकाशा लगेच कळला. नियम कळायला वेळ लागला. दर खेळीला इंजिन दहा गुणांची ताकद देतं. ती प्रवास, ढाल आणि तोफा यांच्यात वाटायची. तोफ डागली की इंजिनाचा ताप वाढतो. ताप दहावर गेला की यान बंद. दूरच्या ताऱ्याकडे झेप घ्यायची तर दोन खेळ्या तोफा बंद ठेवायच्या आणि मार खायचा. प्रत्येक खेळाडू यानावरचा एकेक माणूस. तुझ्या तिकडच्या मित्रांपैकी एक कप्तान, एक सुकाणूवाली, एक तोफवाला, आणि बाबा इंजिनवाला. तू खेळ चालवणारा.

तुझ्या छापील नियमांवर बाबांनी लाल पेन्सिलने मारलेले शेरे वाचले. तू लिहिलंस, "इंजिनाची ताकद १०." त्यांनी खाली लिहिलं, "इंजिन म्हणजे आकडा नव्हे. किती तास चाललंय? तेल कधी बदललं?" तू लिहिलंस, "बाबा, हे अंतराळयान आहे." त्यांनी लिहिलं, "मग काय झालं? तेल लागतंच."

मी मोठ्याने हसले. आणि रिकाम्या घरात स्वतःचाच आवाज ऐकून दचकले. ते गेल्यापासून पहिल्यांदा हसले होते, तेही कुणाच्या पत्रावर, तर तुझ्या.

आगीचा नियम अजून आला नाही. वहीच्या शेवटी असेल. उद्या शाळेला सुट्टी आहे.

*

१० मार्च

खटपट्या,

बाबा तुला याच नावाने हाक मारायचे. वहीत जिकडेतिकडे तेच आहे.

नियम सापडला. बोटं चिकटलेल्या हाताने लिहिलेलं, पानावर जेमतेम सहा ओळी मावतील एवढं मोठं अक्षर. तुझ्याकडे याची प्रत आहे, तरी मी उतरवून काढते. माझ्या हाताने लिहिल्याशिवाय मला ते खरं वाटणार नाही.

"इंजिनखान्यातली आग. एक, आग लागली की यान जागच्या जागी थांबतं, मागे लुटारू असोत नाहीतर कुणी. दोन, आधी मदतनिसाला बाहेर काढायचं, मगच आगीवर फासा टाकायचा. तीन, हुकूम मिळाल्यावर बाहेर पडणारा पळपुटा नव्हे. त्याचा एकही गुण कापायचा नाही.

उदाहरण. इंजिनवाला जुना माणूस आहे. धोक्याची घंटी सारखी उगाच वाजते म्हणून त्याने सकाळी तिची तार काढून ठेवली. मदतनीस म्हणाला, लावू का परत? तो म्हणाला, मी सांगेन तेव्हा लाव. दुपारी तेलाची नळी फुटली. तेल तापलेल्या लोखंडावर पडलं. घंटी वाजली नाही. मदतनीस आग विझवायला पुढे धावला. इंजिनवाल्याने त्याला कॉलर धरून बाहेर ढकललं, हुकूम आहे म्हणून ओरडला आणि दार आतून लावलं. पुढे चौकशी झाली. तार कुणी काढली असं विचारलं. इंजिनवाला म्हणाला, आठवत नाही. त्याला आठवत होतं."

मी हे खुर्चीत बसून वाचलं. शेजारच्या बाई कशाला तरी हाक मारून गेल्या, मी ओ दिली नाही.

चौकशीत तुझा परवाना गेला. पाळीच्या नोंदवहीत त्या दिवशी तुझी सही होती म्हणून घंटीचा दोष तुझ्या गळ्यात पडला. बाबांना पदक मिळालं, त्यांचा फोटो कचेरीत लागला. आणि मी इस्पितळाच्या व्हरांड्यात, सगळ्यांच्या देखत, तुला काय म्हटलं ते तुला पाठ असेल. "बापाला जळत टाकून आलास. परत तोंड दाखवू नकोस." तू एक शब्द बोलला नाहीस. तुझं गप्प बसणं हाच मला पुरावा वाटला.

मी खाली गेले. घड्याळजींपुढे वही आपटली.

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"थोडं थोडं."

"मग मला का नाही सांगितलं? त्यांनी का नाही सांगितलं? एवढी चौकशीची भीती?"

त्यांनी पट्टी नसलेल्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं. "चौकशीची नाही गं. तुझी. तू त्यांच्या हातांना मलम लावताना रोज म्हणायचीस, माझा बाबा वाघ आहे. ते म्हणायचे, हिला सांगितलं तर उद्यापासून ही मलम लावेल, पण तसं म्हणणार नाही."

मी तशीच वर आले.

आपले बाबा, खटपट्या. खोटं बोललास तर जेवण नाही म्हणणारे. पोटच्या पोराचा बळी जाऊ दिला आणि रोज माझ्या हातून जेवले. मला नऊ वर्षांत त्यांनी एका शब्दाने सांगितलं नाही. मी त्यांचा राग करू की त्यांच्यासाठी रडू, काही कळत नाहीये. दोन्ही एकदम येतंय.

तू एकशे चौदाव्या खेळीचं उत्तर मागितलं होतंस. त्यांच्या जागी मी देते. मदतनिसाला हुकमाने बाहेर काढलं. दार इंजिनवाल्याने लावलं, आतून. चूक त्याची होती आणि ते तो सगळ्यांसमोर सांगतो. वहीत अडकवलेला वीस बाजूंचा फासा आगीवर टाकला, सतरा पडले. सतराला आग विझते असं तुझा तक्ता म्हणतो.

आणि तुला कळवायचं राहून गेलं असं मी लिहिलं होतं, ते खोटं आहे. मी मुद्दामच कळवलं नव्हतं.

ताई

*

२७ मार्च

खटपट्या,

तुझं उत्तर अर्ध्या पानाचं. बाबा गेल्याचं माझ्या पत्रातून कळल्यावर तू दोन दिवस कामावर गेला नाहीस, एवढं एक वाक्य. पुढे, "मला सगळं माहीतच होतं. ते स्वतः सांगतील म्हणून थांबलो होतो." आणि शेवटी, "ती वही जाळून टाक. मी आता लिफ्ट दुरुस्त करतो, माझं बरं चाललंय. त्यांचं नाव खराब करू नकोस."

मी तुझं ऐकलेलं नाही. काल वही घेऊन फेरीबोटीच्या कचेरीत गेले.

तिथला साहेब नवा आहे, तुझ्या वयाचा असेल. त्याच्या खुर्चीमागेच बाबांचा फोटो, पदकासकट. त्याने मला ओळखलं, खुर्ची दिली, चहा मागवला. बाबांबद्दल चार चांगले शब्द बोलला. मी वही पुढे सरकवली. त्याने पहिली पानं चाळली, यानांची चित्रं बघितली आणि हसू दाबत म्हणाला, "बाई, हा तर खेळ आहे. लुटारू, तोफा, ढाली. याच्यावरून मी नऊ वर्षांपूर्वीची चौकशी परत उघडू?"

"खूण घातलीय तिथलं उदाहरण वाचा."

त्याने वाचलं. चहा आला, त्याने घेतला नाही. उठून दार लोटलं. त्यात लिहिलेली नळी कुठली, घंटी कुठली, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळत होतं.

"हे दुसऱ्या कुणाला दाखवलंत?"

"अजून नाही."

"मग घरी घेऊन जा. मी पाहिलं नाही असं समजतो. तुमचे वडील आता नाहीत. भाऊ तक्रार करत नाही. कुणाचं काय अडलंय?"

खरं सांगू? त्या क्षणी मला वही उचलून घरी यावंसं वाटलं. फोटोतले बाबा माझ्याकडेच बघत होते. मी म्हटलं, "अक्षर त्यांचंच आहे. हवं तर तपासून घ्या. आणि माझा जबाब लिहून घ्या, नाहीतर मी तुमच्या वरच्या साहेबांकडे जाते."

जबाब लिहायला दीड तास लागला. मग सही केली.

बाहेर फाटकाशी तेलवाले काका भेटले. आठवतात? इंजिनखान्यात तेलपाणी करायचे, आता रखवालदार आहेत. आत काय झालं ते त्यांना माझ्या तोंडावरूनच समजलं असावं. म्हणाले, "पोराची कॉलर फाटली होती त्या दिवशी. आगीने कॉलर जळते, फाटत नाही. मी बघितलं होतं."

मी विचारलं, "काका, तुम्ही तेव्हा का नाही बोललात?"

"म्हटलं, तुझे बाबा शुद्धीवर आले की सांगतीलच. मग पदकच मिळालं. मग कसं बोलणार?"

सगळेच थांबले होते रे. तू, काका, घड्याळजी. सगळे एका माणसाच्या तोंडाकडे बघत बसलात.

साहेबाने एकवीस एप्रिलची तारीख दिलीय, सकाळी अकराची. तुला स्वतः येऊन जबाब द्यावा लागेल, नाहीतर कागद बंद होतील. ये असं म्हणायचा मला हक्क नाही. तारीख तेवढी कळवते.

ताई

*

२१ एप्रिल, दुपार

हे पत्र टपालात जाणार नाही. तू आतल्या खोलीत झोपला आहेस. बूट न काढता आडवा झालास तो तसाच. मी ते काढायला गेले आणि दारातूनच मागे फिरले.

सकाळी कचेरीच्या पायऱ्यांवर मी तुला ओळखलंच नाही. केस गेलेत, चष्मा लागलाय, आणि जिना चढताना तू बाबांसारखा डावा हात कठड्यावर टाकतोस. तू म्हणालास, "ताई, बारीक झालीस." मला वाटलं होतं, तू ओरडशील. मी त्याची तयारी करून आले होते. त्याऐवजी हे.

आत तू जबाब दिलास, एकही शब्द जास्त नाही. साहेबाने विचारलं, "तेव्हा का बोलला नाहीत?" तू म्हणालास, "ते बोलतील असं वाटलं होतं." काकांनी कॉलरचं सांगितलं. मग साहेबाने तुझ्यावरचा ठपका काढल्याचं लिहिलं, परीक्षा देऊन परवाना परत मिळेल म्हणाला, आणि काकांना बाबांचा फोटो उतरवायला सांगितला. काका स्टूल घेऊन आले. आणि तू म्हणालास, "राहू द्या तो. आग त्यांनीच विझवली होती."

काकांनी स्टूल परत नेलं.  मला नऊ वर्षांत जे जमलं नाही ते तू एका वाक्यात केलंस. त्यांची चूक आणि त्यांचं धाडस, दोन्ही एकाच भिंतीवर राहू दिलंस.

म्हणूनच आता मला हे लिहावं लागतंय. समोर बोलता येत नाही. आपल्या घरात ते कुणालाच आलं नाही.

मी लिहिलं होतं ना, बाबांनी मला एका शब्दाने सांगितलं नाही? एका नाही, दोन शब्दांनी सांगितलं होतं.

व्हरांड्यात मी तुला तसं बोलले, तू निघून गेलास, आणि मी आत त्यांच्या खाटेपाशी आले. ते शुद्धीवर येत होते. त्यांनी पट्ट्या बांधलेल्या हाताने तोंडावरचा मास्क बाजूला सारला. म्हणाले, "घंटी... मी."

मला ऐकू आलं. अर्थही कळला. मी मास्क परत त्यांच्या तोंडावर लावला, घट्ट, आणि म्हटलं, "बोलू नका बाबा, दम लागतो."

तू तेव्हा जिन्यातच असशील. फार तर फाटकापाशी. मी धावले असते तर गाठलं असतं. पण दहा मिनिटांपूर्वी सगळ्या लोकांसमोर जे बोलून बसले होते ते परत कसं घेणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मग मी स्वतःला समजावलं की ते ग्लानीत बरळत होते. इतकं समजावलं की खरंच तसं वाटायला लागलं. वहीतलं उदाहरण वाचून मी हादरले ते त्यात काही नवं होतं म्हणून नाही. ते मी आधी ऐकलेलं होतं म्हणून.

त्यांनी पुन्हा कधी सांगायचा प्रयत्न केला नाही. मला घाबरायचे, असं घड्याळजी म्हणतात. घाबरणारच. त्यांनी एकदा तोंड उघडलं होतं आणि मी ते बंद केलं होतं. मग तुला पत्रांतून सांगायला त्यांना सात वर्षं लागली.

आज कचेरीत हे मी सांगायला हवं होतं. साहेब माझ्याकडे वळून "तुम्हाला काही सांगायचंय?" म्हणाला तेव्हा मी नाही म्हटलं. तुझ्यासमोर पुन्हा एकदा नाही म्हटलं.

खाट करकरली. तुला जाग आली वाटतं. हा कागद मी टेबलावर ठेवते आणि गच्चीवर जाऊन उभी राहते. वाचून झालं की वर ये, नाहीतर पिशवी उचल आणि जा. मी जिन्यात आडवी येणार नाही, मागून हाकही मारणार नाही. मागच्या वेळी तू जायचं हे मी ठरवलं होतं. या वेळी तू ठरव.